चौथं चाक

माझ्या उष्टावणाच्या दिवशी नेरुळच्या घरात एक सोडून दोन बाबागाड्या आल्या. एक मनालीआत्यानं डोंबिवलीहून आणली, दुसरी उरणहून माझं आजोळ घेऊन आलं. मला सातवा महिना चालू होता, त्यामुळे माझं मत विचारायचा प्रश्नच नव्हता. पण पुढे हा किस्सा मी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय, की त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं आणि कोणाच्या मनात काय चाललं होतं, ते मी डोळे मिटून सांगेन. आपापली बाजू सांगताना कोण किती मीठमसाला लावतं तेही मला आता पाठ झालंय.

सत्त्याण्णव साल. नेरुळ तेव्हा निम्मं वसलेलं, निम्मं वसायचं होतं. रस्ते रुंद, माणसं कमी, आणि दर चार इमारतींनंतर गुडघाभर गवताचा एक रिकामा प्लॉट. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की आमच्या दोरीवरचे कपडे पलीकडच्या सोसायटीत जाऊन पडायचे, आणि तिथल्या बायका ते घडी करून आणून द्यायच्या. आत्ता त्याच सोसायटीत शेजारच्याचं नाव माहीत नसतं म्हणा. पण तेव्हा पावशेर साखर उसनी आणायला गेलेलं माणूस चहा पिऊन, दोन भांडणं सोडवून परत यायचं.

आमचं घर तळमजल्यावर. दार उघडलं की दोन पायऱ्या, मग फाटक, मग रस्ता. एवढ्या जवळचा रस्ता, पण आजोबांना, म्हणजे अण्णांना, तो महाग झाला होता. श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं परत आलं, हातही परत आला, पण डावा पाय जरा मागे राहिला. घरात ते भिंतीला हात लावून, मग फ्रिज, मग दाराची चौकट, मग दिवाण असे टप्पे घेत चालायचे. भिंतीवर त्या हाताचा एक मळकट पट्टाच उमटला होता. डॉक्टरांनी सांगितलेला ॲल्युमिनियमचा वॉकर गॅलरीत उभा होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत असायचे.

"काठी घेऊन, नाहीतर ते शिडीसारखं काहीतरी पुढ्यात धरून मी त्या लोकांसमोरून जाऊ?" अण्णा म्हणायचे. ते लोक म्हणजे सकाळी फिरायला जाणारी मंडळी. आमच्या सेक्टरमध्ये ही फिरायला जायची टूम अण्णांनीच काढलेली. पहाटे लोकांची दारं ठोठावून, "उठा, आळशांनो!" म्हणून ओरडणारा हा माणूस! त्याला आता कोणी "हळू, काका, हळू" म्हणायला नको होतं. म्हणून तो बाहेरच पडत नव्हता. आणि दुर्गाबाई दिनानाथ मणचेकर, म्हणजे माझी आजी, हिला त्या वर्षी देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. या माणसानं एकदा तो उंबरा ओलांडून रस्त्यावर पाय ठेवावा, बस्स.

तर गाड्या.

पाळणा आजोळनं द्यायचा, हे ठरलेलं. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, हेही ठरलेलं. उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा, त्यातही वाद नाही. पण बाबागाडी कोणी द्यायची, हे कुठल्याच आजीला तिच्या आजीनं सांगून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे दोन्हीकडच्यांनी मान आपलाच धरला, आणि एकमेकांना विचारायची कोणालाच गरज वाटली नाही.

मनालीआत्याची गाडी निळी, नवीकोरी, चार चाकांची. छत्रीसारखी मिटायची, आणि तिला मागे छत्रीसारख्याच दोन वाकड्या मुठी होत्या. आत्यानं ती हॉलमध्ये तीनदा उघडून मिटून दाखवली.

तेवढ्यात बाहेर मिनिडोर रिक्षा थांबल्याचा फटफट आवाज आला. आईची आई, गिरजाबाई, आधी उतरली. तिला उरणात सगळे बय म्हणतात, मीही बयच म्हणते. तिच्या मागून कान्हामामा. मामा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. त्यानं उचलून आणलेली वस्तू बघून मनालीआत्याच्या हातातली निळी गाडी तशीच अर्धी मिटलेली राहिली.

ती गाडी तीन चाकांची होती. पुढे एक, मागे दोन. चाकं लहान मुलांच्या सायकलीएवढी, हवेच्या टायरची. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवा दांडा, वर स्पंज गुंडाळलेला. मस्कतहून कायमचं परत आलेल्या एका कुटुंबाचं सामान मामाच्या यार्डात उतरलं होतं. त्यांचा मुलगा आता शाळेत जातो, म्हणून त्यांनी ती गाडी मामाला भाचीसाठी अशीच देऊन टाकली.

"भाचीसाठी," मामा म्हणाला. "मजबूत हाय एकदम. डोंगर चढंल."

"ही काय शेतात न्यायचीये?" मनालीआत्या बोलून गेली.

"शेत कुठं रायलाय आथां?" बय शांतपणे म्हणाली. "सगल्या बिल्डिंगी झाल्या."

आई-पप्पांच्या लग्नाच्या वेळी हा उरणकडच्यांच्या गेलेल्या जमिनींचा विषय एकदा निघाला होता तो निघाला, पुन्हा काढायची कोणाची छाती नव्हती. पप्पांनी घाईघाईनं गाडीच्या टायरवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "वा! हवा टाइट आहे."

"पण ही वापरलेली आहे ना?" आत्यानं दुसरीकडून सुरुवात केली.

इथे आजीनं विहिणीची बाजू घेतली, कारण खरं ते खरं. "वापरलेलं असलं म्हणून काय झालं? तुझी पहिली झबली माझ्या जुन्या लुगड्याचीच होती. बाळाला जुनंच मऊ लागतं." असं म्हणत ती कौतुकानं गाडीभोवती फिरली आणि फिरता फिरता थबकली.

"हिला तीनच चाकं?"

"तीनच असतात या गाडीला," मामा म्हणाला.

"चौथं कुठं पडलं नाही ना वाटेत?"

"नाय हो. तीनचीच हाय."

आजीचं तोंड उतरलं. आमच्या घरात तीन हा आकडा म्हणजे न बोलावलेला पाहुणा. ताटात तिसरी पोळी वाढायची तर आजी आधी तिचा कोपरा मोडायची, म्हणजे ती पूर्ण तिसरी होत नाही. तीन माणसं कामाला निघाली तर एकाला पाणी प्यायच्या निमित्तानं मागे ठेवायची. पप्पांचा बारावीचा रिझल्ट आणायला तिघं मित्र निघाले, तेव्हा तिनं एकाच्या खिशात सुपारी टाकून त्याला चौथा भिडू दिला होता.

"लहान जीवाला तीन चाकांवर बसवायचं?" ती म्हणाली. "मला नाही बाई बरं वाटत."

"विहीनबाय, तुमी रिक्षान बसताव का नाय?" बयनं विचारलं.

"बसते की."

"तवा चाकां मोजताव?"

पप्पा फस्सकन हसले. आजीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा टायर दाबायला लागले. "रिक्षा काय आपली असते?" आजी म्हणाली. "उतरलो की संबंध संपला. ही घरात राहणार."

आता हॉलमध्ये दोन तट पडले. पप्पांना तीन चाकांची हवी होती, कारण आमच्यापुढचा रस्ता दर महिन्याला कोणीतरी खणून ठेवायचं आणि त्यात छोटी चाकं रुतली असती. आजी आणि आत्या चार चाकांच्या बाजूनं. आणि आई? माझी आई अक्षता ही त्या दिवशीपर्यंत मनालीआत्याच्या बाजूनं कधी एका शब्दानंही बोललेली नव्हती. सगळ्यांना वाटलं ती माहेराकडून उभी राहणार.

"मला निळी बरी पडेल," आई म्हणाली.

मनालीआत्यानं इकडेतिकडे बघितलं. आपल्याला ऐकू आलं ते खरं की काय, असं तिला झालं.

"बय, मना पुढच्या महिन्यापासून बेलापूरला हापिसान जायचा हाय," आई आपल्या आईकडे वळून तिच्या, 'ड'चा 'र' करणाऱ्या बोलीत म्हणाली. "सईला पालनाघरान सोरायची, तशीच गारी मिटून पुरं जायचा. ही एवरी मोठी कुठं ठेवू?"

"मंजे आमची नको."

"आसा बोलले का मी?"

"नको तं नको. कान्हा, ठेव गारी परत मिनिडोरान." बयनं पदर खांद्यावर घेतला आणि ती मला उचलून गॅलरीत निघून गेली. मी तिच्या गळ्यातली सोन्याची पोत तोंडात घातली होती, असं म्हणतात. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला लेकीच्या सासरी दाखवायचे नव्हते. तिच्याकडून नातीला पहिल्यांदा असं काही आलं होतं की जे नेरुळमध्ये कोणाकडेच नव्हतं, आणि तेच नको झालं होतं. ती मला पुढे म्हणायची, "तुजे आयशीचा राग आला ना, तवा मना वाटला आत्ताच्या आत्ता उरणला जावा."

हे सगळं चालू असताना अण्णा दिवाणावर बसून होते. त्यांचं मत कोणी विचारलं नाही. झटका आल्यापासून घरात त्यांना औषध घेतलं का एवढंच विचारलं जायचं.

हॉल रिकामा झाला. आजी आणि आई खिरीकडे बघायला स्वयंपाकघरात गेल्या, आत्या चांदीची वाटी घासायला, पप्पा आणि मामा बाहेर मिनिडोरपाशी. दोन्ही गाड्या मधोमध तशाच उभ्या होत्या. अण्णांना पलीकडच्या खुर्चीवरचा चष्मा हवा होता. हाक मारायची त्यांना लाज वाटली. उठले, आणि तोल सावरायला जवळची निळी गाडी धरली. तिच्या दोन मुठी दोन दिशांना गेल्या आणि गाडी त्यांच्या हातात अर्धी मिटली. ते मुकाट्यानं परत बसले.

मग त्यांनी उरणच्या गाडीचा दांडा धरला.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणाले, "अगं, दांडा बरोबर पोटापाशी आला. अंगाचा भार टाकला तरी ती हलली नाही. ब्रेक होता. पायानं ब्रेक सोडला आणि एक पाऊल टाकलं. गाडी पण एक पाऊल गेली. दुसरं टाकलं, ती पण गेली. मी चष्म्यापाशी पोचलो, आणि चष्मा विसरून पुढेच गेलो की गं!"

हॉलच्या मध्यातून! जिथे ना भिंत, ना फ्रिज, ना चौकट.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. अण्णा तिच्याकडे पाठ करून गॅलरीच्या दिशेनं चालत होते. डावा पाय अजून घासत होता, पण खांदे सरळ झाले होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहाटे फाटकातून बाहेर पडणारी जी पाठ तिनं पाहिली होती, ती ही पाठ. तिनं आवाज केला नाही. उलट्या पावलांनी आत गेली आणि खीर ढवळणाऱ्या आजीचा दंड धरला.

"आई, गॅस बारीक करा आणि बाहेर बघा. बोलू नका."

आजीनं बघितलं. हातातली पळी तशीच. मग ती आत येऊन ओट्याला टेकली.

"हीच गाडी ठेवायची," आई म्हणाली. "माझं मी बघेन बेलापूरचं. सईला कडेवर नेईन."

"अगं, पण तीन चाकं..." आजीनं पदर डोळ्यांना लावला. "त्यांना आधीच एवढं होऊन गेलंय. त्यात पुन्हा काही झालं तर? मी स्वतःला कधी माफ करणार नाही."

"आई!"

"तुला नाही कळायचं गं. घाबरलेल्या माणसाला सगळे आकडे दिसतात."

हे पाणी मागायला आलेल्या कान्हामामानं ऐकलं. आता कान्हामामा म्हणजे कोणाचं रडू बघवत नाही असा माणूस. आणि यार्डात दिवसभर काहीतरी खोलणं-जोडणं चालू असल्यामुळे जगातल्या प्रत्येक दुःखावर त्याच्याकडे पाना असायचा.

"मावशी, एवढंच ना?" तो म्हणाला. "चौथा चाक लावून देतो की."

आजीनं वर बघितलं. "लागेल?"

"न लागायला काय झाला? तुमच्याकडं जुना चाक हाय का कसला?"

होतं. माळ्यावर फुटक्या स्टुलाचं एक छोटं गरगर फिरणारं चाक होतं, कारण आमच्या घरात काही टाकून देत नाहीत. आजीनं ते स्वतः काढून, पुसून, वर हळदीकुंकू लावून मामाच्या हातात दिलं. मामानं पुढच्या चाकाशेजारी ते पट्टी आणि तारेनं आवळून बसवलं. चार झाली. आजीनं चारदा मोजली. तिचा चेहरा असा उजळला की आईलाही वाटलं, चला, सगळ्यांचं समाधान झालं.

उष्टावण छान झालं. मामानं मला मांडीवर घेतलं, बयच्या अंगठीनं खिरीचा पहिला थेंब माझ्या जिभेला लावला, आणि मी तो फुर्रकन मामाच्या नव्या शर्टावर उडवला. सगळे हसले. बयही हसली, पण आईशी अजून बोलत नव्हती.

जेवणं झाल्यावर आई सहज विचारल्यासारखं म्हणाली, "अण्णा, ती गाडी जरा दारापर्यंत आणता? बघू कशी चालते."

अण्णांना जे समजायचं ते समजलं. आपल्याला मघाशी कोणीतरी बघितलंय. त्यांचे कान लाल झाले, पण ते उठले. सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच असल्यासारखं सगळे बघत होते. त्यांनी दांडा धरला, ब्रेक सोडला, पाऊल टाकलं.

ते स्टुलाचं चाक एकदम आडवं फिरलं आणि फरशीत अडकलं. गाडीचं तोंड गर्रकन भिंतीकडे वळलं, अण्णांचा तोल गेला, आणि कान्हामामानं झेप घेऊन त्यांना काखेत धरलं नसतं तर ते कपाटावरच आपटले असते.

"लागलं का?" "पाणी आणा." "बसा, अण्णा, बसा." "हळू, हळू."

हळू. तोच तो शब्द. अण्णांनी सगळ्यांचे हात बाजूला केले.

"काही लागलेलं नाही मला," ते म्हणाले. "निळी ठेवा. चांगली आहे ती. ही जाऊ दे परत उरणला." आणि भिंतीला हात लावत, फ्रिज, चौकट करत ते आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मामा रडकुंडीला आला होता. आत्या म्हणाली, "मी म्हणतच होते." पप्पा म्हणाले, "तू काहीच म्हणत नव्हतीस." बय मला थोपटत राहिली. आणि आजी मधोमध उभी होती. सगळं खापर मामाच्या डोक्यावर फुटायच्या बेतात होतं आणि मामा बिचारा ते घ्यायलाही तयार होता.

"कान्हा," ती म्हणाली. "तुझा पाना दे."

"मी काढतो ना, मावशी."

"नको. मी लावायला सांगितलं, मीच काढणार."

तिनं पदर खोचला आणि जमिनीवर बसली. पाना कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं, दोनदा निसटला, बोटाला खरचटलं. मनालीआत्या पुढे झाली तर तिला, "तू सरक," म्हणाली. आपण एवढ्या एका आकड्याच्या भीतीनं त्यांना सगळ्यांसमोर पाडत होतो, हे तिला आत टोचत होतं. शेवटी बय उठली, मला आईच्या मांडीवर दिलं, आणि विहिणीच्या शेजारी जमिनीवर बसली.

"वरती धरते मी," ती म्हणाली. "तुमी फिरवा."

दोघींनी मिळून ते चाक काढलं. लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हापासून त्या दोघी एकाच कामाला लागलेल्या कोणी बघितल्या नव्हत्या. चाक निघाल्यावर आजीनं ते गॅलरीतून थेट समोरच्या गवताच्या प्लॉटमध्ये भिरकावलं. हळदीकुंकवासकट! आमच्या घरातून टाकून दिलेली ती पहिली वस्तू.

मग ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

"अहो, बाहेर या."

"झोपलोय मी."

"झोपलेली माणसं उत्तर देत नाहीत. चूक गाडीची नव्हती, तुमच्या पायाचीही नव्हती. माझी होती. चाक काढलंय मी. आता या, नाहीतर मी इथेच बसते आणि पोरीच्या उष्टावणाच्या दिवशी उपाशी राहते."

"आत्ता तर जेवलीस."

"रात्रीची राहीन."

दार उघडलं. अण्णांना हसू आवरत नव्हतं, आणि ते लपवायला त्यांनी भुवया चढवल्या होत्या.

पहिल्यांदा गाडीत तांदळाची पिशवी ठेवली. ही कल्पना पप्पांची. अण्णा तांदूळ घेऊन दिवाणापासून दारापर्यंत गेले, वळले, परत आले. गाडी वाकडी झाली नाही की अण्णा झाले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा आले. मग त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि मग आईकडे. तोंडानं मागितलं नाही.

"नाय हां," बय म्हणाली. "मंगाशी तोल गेलता त्यांचा. माजी नात हाय ती, तांदूल नाय."

तिचं चूक नव्हतं. सगळे आईकडे बघत होते, आणि या वेळी कोणी बाजू घेत नव्हतं, कारण बाजू फक्त तिचीच होती. तिनं मला एकदा घट्ट धरलं. मग तिनं पिशवी उचलून पप्पांच्या हातात दिली आणि मला गाडीत बसवलं. पट्टा लावला. दोनदा ओढून बघितला.

"अण्णा," ती म्हणाली, "हिला घरात फार किरकिर होते. जरा बाहेरून आणता का? मला आवरायचंय."

कसलं आवरायचं होतं! सगळं आवरून झालं होतं.

पप्पांनी मला गाडीसकट दोन पायऱ्या खाली उतरवलं. अण्णा मामाच्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि खाली आल्या आल्या तो हात काढून दांड्यावर ठेवला. मामा दोन पावलं मागून चालत राहिला, आपण सहज त्याच दिशेनं निघालोय असं दाखवत. फाटक उघडलं. बाहेर उन्हं उतरत होती आणि खाडीवरचा वारा सुटला होता.

समोरच्या सोसायटीतले चंद्रशेखरकाका, फिरायच्या मंडळातले, दुधाची पिशवी घेऊन येत होते. ते जागच्या जागी थांबले. आजीनं दारात श्वास रोखला. आता हा माणूस "हळू" म्हणणार, आणि झालं.

"दिनानाथराव! अहो, आहात कुठे? आणि ही कसली गाडी?"

"मस्कतची," अण्णा न थांबता म्हणाले. "नातीला फिरवायला नेतोय. तिला घरात करमत नाही. तुम्ही अजून उशिरा उठता की नाही सकाळी?"

"तुम्ही दार ठोठावायचं सोडलंत, मग कोण उठवणार?"

"बघतो उद्या," अण्णा म्हणाले आणि पुढे गेले.

दारात आजी, बय, आई आणि मनालीआत्या उभ्या होत्या. गाडी गवताच्या प्लॉटपर्यंत पोचली, खणलेल्या रस्त्यावर धडधडली, पण रुतली नाही. मी आनंदानं ओरडत होते म्हणे. बयनं आईच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो काढला नव्हता. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मनालीआत्यानं आपली निळी गाडी हळूच मिटली. "ही राहू दे तुझ्या बेलापूरला," ती आईला म्हणाली, "आणि ती राहू दे अण्णांना." मग तिला राहवलं नाही.

"आई, मग आता तीन चाकं चालतात वाटतं तुला?"

आजीनं रस्त्यावरून नजर काढली नाही.

"तीन कुठली गं? नीट मोज. चाकं तीन, आणि त्यांचे पाय दोन. पाच होतात."